गुरुवारचं पोट

पाकीट आता जाड झालंय.
रक्त, लघवी, दोनदा दुर्बीण,
आणि एकदा तो बोगद्यासारखा स्कॅन,
ज्यात बाबा चाळीस मिनिटं निपचित पडून होते
आणि बाहेर येऊन म्हणाले,
बेअरिंग गेलंय त्या मशीनचं, आवाजावरून कळतं.
सगळ्या कागदांच्या तळाशी एकच ओळ:
दोष आढळला नाही.

केमीच्या कागद गिरणीत एकतीस वर्षं.
धावत्या कागदाला अंगठा लावून सांगायचे, ओल सात टक्के.
मीटर मागाहून सांगायचा, सात.
आईला पुरून आलो त्या दिवशी
चर्चच्या पायरीवर कुणीतरी विचारलं,
आर्मस, कसा आहेस?
म्हणाले, यंदा बर्फ लवकर सुटलं,
बूट भिजले.

दुखणं त्या वसंतातलं.
डाव्या बरगडीखाली, मुठीएवढं.
वही केलीय त्याची:
तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, दहापैकी किती.
पाळीच्या नोंदवहीसारखी, निळी शाई,
एकही खाडाखोड नाही.

डॉक्टरीणबाईंनी चाळली.
हे बहुतेक गुरुवारी उठतंय. गुरुवारी काय खाता?
वाटाण्याचं सूप.
गुरुवारी तेच खातो आम्ही सगळे,
शाळेत, पलटणीत, गिरणीच्या कँटीनमध्ये.
घरी आई करायची. मोहरी वेगळ्या वाटीत.

वाटाणे बंद झाले.
पुढच्या गुरुवारी
पोट वेळेवर हजर. संध्याकाळी पाच.
बाबांनी लिहिलं:
वाटाणे निर्दोष.

मग औलूला, गाडीनं तासाहून जास्त,
हिल्ला नावाच्या मुलीकडे. माझ्याहून लहान असेल.
तिनं विचारलं, आत्ता काय वाटतंय?
बाबांनी खिडकीकडे पाहिलं, मग स्वतःच्या स्वेटरकडे.
दुखतंय.
ते कुठे ते झालं. मी विचारतेय, काय?
डाव्या बाजूला.

तिनं शब्दांचा तक्ता पुढे सरकवला.
सुट्या भागांची यादी तपासावी
तसं ओळीखालून बोट फिरवत गेले.
राग. हे नाही आमच्याकडे.
धास्ती. नाही.
खंत. हे जुन्या मॉडेलला असायचं.
मी हसले. ते हसत नव्हते.
हुरहूर या शब्दापाशी बोट थांबलं.
बराच वेळ.
हे, त्यांनी विचारलं,
कुठे दुखतं?
हिल्लानं पेन खाली ठेवलं. उत्तर नाही दिलं.

परतताना, सीमोचा पूल गेल्यावर,
कुणी काही विचारलं नसताना म्हणाले,
गिरणी कायमची बंद केली ना, त्या दिवशी मी शेवटी निघालो.
वाळवणीच्या रुळावर हात ठेवला.
वाफ तोडून चार तास झाले होते. कागद नाही, काही नाही.
तरी गरम.
कशासाठी गरम राहायचं त्यानं?

तेव्हा बोलायला हवं होतं.
मी म्हटलं, लोखंड जाड असतं, बाबा. वेळ लागतो.
हं, म्हणाले,
आणि काच पुसली, जी स्वच्छ होती.

काल रात्री त्यांनी वाटाणे भिजत घातले.
मला न सांगता.
आज गेले तर सूप रटरटतंय,
खालून थोडं लागलेलं,
आणि टेबलावर तीन चमचे.
तिसरा दिसल्यावर ते थांबले.
उचलला नाही. मीही नाही उचलला.
पाच वाजून गेले, पोटावर हात ठेवून जेवले.
वही मागितली नाही.

माझा जबडा दुखतो, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
पहाटे जाग येते तेव्हा दात दातांवर आवळलेले.
दंतवैद्य म्हणतो, दात उत्तम आहेत,
तुमच्या वयाला इतके क्वचित पाहतो.

त्यांची वही घरी घेऊन आलेय.
मधलं एक कोरं पान.
गुरुवार. वारा वायव्येचा.
वाटाणे मऊ, मोहरी तिखट.
जबडा, दहापैकी